आयोवाची बावीस नंबर

१५ फेब्रुवारी २०२४, गुरुवारची रात्र. अमेरिकेतल्या आयोवा सिटीमधलं कार्व्हर-हॉकआय क्रीडागृह खच्चून भरलं होतं. आयोवा विद्यापीठाच्या मुलींची मिशिगनशी लढत होती, पण जमलेल्या जवळपास पंधरा हजार माणसांच्या डोक्यात सामन्याच्या निकालापेक्षा एकच आकडा घोळत होता. आठ. बावीस नंबरचा शर्ट घातलेल्या मुलीला विक्रम मोडायला आणखी आठ गुण हवे होते. खेळ सुरू झाला तसं तिनं आत घुसून पहिले दोन गुण घेतले. मग रेषेबाहेरून तीन. आणि मग चेंडू घेऊन ती धावत पुढे आली ती मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या विद्यापीठाच्या मोठ्या चिन्हापर्यंत. तिथून बास्केटवर नेम धरायचा नसतो, असं बास्केटबॉल शिकवणारा कुठलाही प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतो. तिनं तिथूनच चेंडू फेकला. जाळी हलली, क्रीडागृह उठून उभं राहिलं. सामन्याची अवघी दोन मिनिटं बारा सेकंद झाली होती.

त्या रात्री ती एवढ्यावर थांबली नाही. सामना संपला तेव्हा तिच्या नावावर ४९ गुण होते. आयोवाच्या कुठल्याही मुलीनं एका सामन्यात कधी इतके केले नव्हते.

या मुलीचं नाव केटलिन क्लार्क. वय तेव्हा बावीस, विद्यापीठात विषय मार्केटिंग. तिनं मोडलेला विक्रम होता वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केल्सी प्लमचा, ३,५२७ गुणांचा, २०१७ सालचा. पण पुढच्या अडीच आठवड्यांत ती आणखी दोन विक्रम ओलांडणार होती, आणि त्यातल्या एकाचं तर अधिकृत वहीत नावसुद्धा नव्हतं. क्लार्कच्या कारकिर्दीची गोष्ट ही गुणांची आणि गर्दीची गोष्ट आहेच. त्याहून जास्त ती एका खेळाला स्वतःचाच विसरलेला इतिहास परत सापडल्याची गोष्ट आहे.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, बाकांवर बसलेले चार मित्र आणि नोटीस बोर्डावर लागलेला निकाल. अमेरिकेत तसं नाही. तिथं विद्यापीठाचा संघ हा त्या गावाचा, बऱ्याचदा अख्ख्या राज्याचा संघ असतो. सामने टीव्हीवर दिसतात, तिकिटांसाठी रांगा लागतात आणि खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन देशभरातून निवडून आणलं जातं. ही सगळी व्यवस्था चालवणारी संघटना म्हणजे एनसीएए. खेळाडूला साधारण चार हंगाम मिळतात. वसंत ऋतूत देशातले निवडक संघ बाद फेरीच्या स्पर्धेत उतरतात. एक हरलात की घरी. मुलांच्या या स्पर्धेचं वेड अमेरिकेला फार जुनं आहे. मुलींची स्पर्धा मात्र एनसीएएनं सुरू केली १९८२ साली.

आयोवा हे राज्य देशाच्या मधोमध. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, लहान लहान गावं, लांब हिवाळा. मराठी वाचकांपैकी काहींना आयोवा सिटी ठाऊक असेल ती दिलीप चित्रे यांच्यामुळे. सत्तरच्या दशकात ते याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात गेले होते. त्या लेखकांच्या गावाची दुसरी ओळख मुलींच्या बास्केटबॉलची आहे, आणि ती क्लार्कच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे.

या राज्यात शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून होत आली. खेळाचा प्रकार मात्र वेगळाच होता. एका संघात पाचऐवजी सहा मुली. तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात, तिघी दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. गुण करायचे ते फक्त पुढच्या तिघींनी. चेंडूचे टप्पे दोनच, तिसऱ्या टप्प्याआधी पास द्यायचा. मुलींच्या शरीराला पूर्ण मैदानभर धावणं झेपणार नाही, या त्या काळच्या समजुतीतून हे नियम आले होते. पण गावकऱ्यांनी हा खेळ उचलून धरला. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला जशी पंचक्रोशी लोटते, तशी तिथली गावं हिवाळ्यात शाळेच्या जिममध्ये लोटत. राज्याचा अंतिम सामना टीव्हीवर दिसे. युनियन-व्हिटन शाळेच्या डेनिस लाँग या मुलीनं १९६८ साली एकाच सामन्यात १११ गुण केले, आणि पुढच्या वर्षी पुरुषांच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनं खेळाडू निवडीत थेट तिचं नाव घेतलं. लीगनं ती निवड रद्द केली, पण आयोवात ते नाव आजही निघतं. सहा जणींचा हा खेळ तिथं १९९३ पर्यंत टिकला.

मोठ्या क्रीडागृहातली गर्दीही या गावाला नवी नव्हती. सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर या नामवंत प्रशिक्षिका १९८३ साली आयोवा विद्यापीठात आल्या. १९८५ च्या फेब्रुवारीत ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला कार्व्हर-हॉकआयमध्ये २२,१५७ माणसं शिरली. क्रीडागृहाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त! १९९३ साली स्ट्रिंगर यांनी संघाला देशातल्या शेवटच्या चार संघांत नेलं. त्यानंतर तीस वर्षं आयोवाच्या मुली तिथवर पोचल्या नाहीत.

क्लार्कचा जन्म २२ जानेवारी २००२ चा, राज्याची राजधानी डी मॉइन इथला. घर खेळाडूंचंच. वडील ब्रेंट कॉलेजात बास्केटबॉल आणि बेसबॉल खेळलेले, आईचे वडील डाउलिंग कॅथलिक शाळेत फुटबॉलचे प्रशिक्षक. एक थोरला भाऊ, एक धाकटा, आणि मध्ये ही. पाच वर्षांची असताना तिच्या वयाच्या मुलींचा संघच आसपास नव्हता, म्हणून तिला मुलांच्या संघात घातलं. ती त्या मुलांना भारी पडू लागली. लहानपणी तिची आवडती खेळाडू होती मिनेसोटा लिंक्स या व्यावसायिक संघाची माया मूर. वडील तिला गाडीत घालून काही तासांचा प्रवास करून मिनियापोलिसला सामना बघायला नेत. अशाच एका सामन्यानंतर छोटी केटलिन धावत जाऊन मूरला बिलगली. त्या क्षणाचा फोटो नाही, सही नाही. पण ती आठवण तिनं पुढे अनेकदा सांगितली आहे.

डाउलिंग कॅथलिक शाळेकडून खेळताना २०१९ साली तिनं एका सामन्यात ६० गुण केले, त्यात तीन गुणांच्या तेरा बास्केट होत्या. देशातली मोठमोठी विद्यापीठं दारात उभी राहिली. नोत्र दाम विद्यापीठाचं नाव घरात बरंच चर्चेत होतं. शेवटी तिनं निवडलं ते घरापासून दोन तासांच्या अंतरावरचं आयोवा. इथं मुख्य प्रशिक्षिका होत्या लिसा ब्लूडर, २००० सालापासून संघ सांभाळणाऱ्या. त्यांच्या सहायक जॅन जेन्सन स्वतः सहा जणींच्या जुन्या खेळात वाढलेल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांची सरासरी सामन्यामागे ६६ गुणांची होती, आणि त्यांची आजीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेकडून बास्केटबॉल खेळलेली. म्हणजे क्लार्क ज्यांच्या हाताखाली आली, त्यांच्या घरात हा खेळ तिसऱ्या पिढीत होता.

पहिला हंगाम आला करोनाचा. २०२०-२१ मध्ये ती देशात सर्वाधिक सरासरीनं गुण करत होती, सामन्यामागे २६.६, आणि समोर खुर्च्या रिकाम्या. त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा सॅन अँटोनियो आणि परिसरात घेतली गेली, आणि तिथं एक गोष्ट जगापुढे आली. ओरेगॉनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिनं एक छोटा व्हिडिओ टाकला. मुलांच्या स्पर्धेत व्यायामासाठी यंत्रांनी भरलेलं मोठं दालन होतं. मुलींसाठी डंबेल्सची एक छोटीशी मांडणी. देशभर संताप उसळला. १९७२ सालच्या 'टायटल नाइन' कायद्यानं सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी द्यायचं बंधन घातलं होतं. पन्नास वर्षांनी हे चित्र! 'मार्च मॅडनेस' हे स्पर्धेचं प्रसिद्ध नाव तोवर फक्त मुलांच्या स्पर्धेला लावलं जात होतं. मुलींना ते मिळालं २०२२ साली. क्लार्कची कारकीर्द नेमकी या सांध्यावर उभी आहे. तिचं पहिलं वर्ष आणि चौथं वर्ष यांत खेळाडू एकच आहे, भोवतालचं जग मात्र ओळखू येऊ नये इतकं बदललेलं.

दुसरा मोठा बदल १ जुलै २०२१ चा. तोवर कॉलेजच्या खेळाडूला जाहिरातीतून एक डॉलरही घेता येत नसे. विद्यापीठ तिकिटं विकत असे, वाहिन्या जाहिराती विकत, प्रशिक्षकांना मोठे पगार मिळत. खेळाडूला शिष्यवृत्तीवर समाधान मानावं लागे. त्या दिवसापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावायची मुभा मिळाली. क्लार्कनं नुकतंच पहिलं वर्ष संपवलं होतं. हाय-व्ही ही आयोवातली किराणा दुकानांची साखळी, नायकी, गेटोरेड, स्टेट फार्म विमा कंपनी असे करार पुढे येत गेले. कॉलेजात शिकणारी मुलगी राष्ट्रीय टीव्हीवर विम्याच्या जाहिरातीत दिसते, ही गोष्ट त्याआधी नियमबाह्य ठरली असती.

आता तिच्या खेळाकडे. सहा फूट उंचीची ही मुलगी पॉइंट गार्ड. म्हणजे चेंडू पुढे आणायचा, मैदान वाचायचं आणि कुणाला कुठं पास द्यायचा ते ठरवायचं, ही तिची जबाबदारी. बास्केट जमिनीपासून दहा फूट उंच. तिच्या दुसऱ्या वर्षापासून मुलींच्या खेळात तीन गुणांची रेषा बास्केटपासून बावीस फुटांहून किंचित जास्त अंतरावर होती. बहुतेक खेळाडू या रेषेच्या लगेच मागून नेम धरतात. क्लार्क कधी कधी आणखी दहा-बारा फूट मागूनही धरते.

यात नुसता दिखावा नाही, हिशोब आहे. जवळून केलेल्या बास्केटला दोन गुण. समजा एखादी खेळाडू शंभरपैकी पन्नास वेळा ती साधते, तर तिचे शंभर गुण होतात. क्लार्क कॉलेजात लांबून शंभरपैकी सुमारे अडतीस वेळा साधत असे, पण प्रत्येकीला तीन गुण. म्हणजे ११४. आणि खरा फायदा याच्याही पुढे आहे. मधल्या चिन्हापासून ही मुलगी नेम धरू शकते म्हटल्यावर तिला अडवायला बचावपटूला तिथपर्यंत बाहेर यावं लागतं. कधी दोघी येतात. दोघी बाहेर आल्या की आत बास्केटजवळ जागा मोकळी होते, आणि तिथं पहिली तीन वर्षं उभी असायची मोनिका सिनानो, जवळून क्वचितच चुकणारी. क्लार्कचा पास अर्ध्या मैदानावरून तिच्या हातात पडे. प्रेक्षकांना लांबचे फेक आठवतात. प्रशिक्षकांना तिचे पास आठवतात. दुसऱ्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, तिची सरासरी होती २७ गुण आणि ८ असिस्ट, म्हणजे सोबतिणीच्या गुणाला कारण ठरणारे पास. देशात दोन्ही यादींत एकाच हंगामात पहिली आलेली ती पहिलीच मुलगी.

त्याच हंगामाचा शेवट मात्र कडू झाला. राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत, स्वतःच्या क्रीडागृहात, आयोवा क्रेटनकडून ६४-६२ असं हरलं. तिच्यातल्या उणिवाही तोवर सगळ्यांना दिसत होत्या. ती पंचांवर चिडायची, हातवारे करायची, धाडसी पास देण्याच्या नादात चेंडू गमवायची. ब्लूडर यांच्यापुढचं काम सोपं नव्हतं. तिचं धाडस मोडायचं नाही, पण संघातल्या बाकीच्या चौघींवर विश्वास टाकायला तिला शिकवायचं. तिसऱ्या वर्षी त्याचं फळ दिसलं.

२०२३ च्या मार्चमध्ये सिअ‍ॅटलला उपांत्यपूर्व सामन्यात लुइव्हिलविरुद्ध तिनं ४१ गुण, १० रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर ताब्यात घेतलेले चेंडू) आणि १२ असिस्ट केले. तिन्ही आकडे दोन अंकी असले की त्याला ट्रिपल-डबल म्हणतात. चाळीसहून अधिक गुणांसह ट्रिपल-डबल एनसीएएच्या स्पर्धेत तोवर कुणीच केलं नव्हतं, मुलींनी नाही आणि मुलांनीही नाही. आयोवा तीस वर्षांनी शेवटच्या चारांत पोचलं. डॅलसला उपांत्य फेरीत समोर होतं सलग ४२ सामने जिंकलेलं साउथ कॅरोलायना. क्लार्कनं पुन्हा ४१ गुण केले, आयोवा ७७-७३ असं जिंकलं.

अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटनं आयोवाला १०२-८५ असं हरवलं. त्या संघाची एंजल रीस शेवटी क्लार्ककडे बघून बोटातल्या अंगठीची खूण करत राहिली, आणि नंतर बरेच दिवस अमेरिकेत त्याचीच चर्चा चालली. रीस कृष्णवर्णीय, क्लार्क गोरी. असेच हावभाव क्लार्कनंही आधीच्या सामन्यांत केले होते, तेव्हा लोकांनी कौतुक केलं. रीसनं केले तर उर्मटपणा कसा, हा प्रश्न रास्त होता. क्लार्कनं स्वतःच टीव्हीवर सांगितलं की रीसवर टीका व्हायला नको. व्यावसायिक खेळात गेल्यावरही, डब्ल्यूएनबीए ही मुलींची व्यावसायिक लीग कृष्णवर्णीय खेळाडूंनी उभी केली आहे आणि आपल्याला गोरेपणाचा फायदा मिळाला आहे, हे तिनं मान्य केलं. तो अंतिम सामना टीव्हीवर ९९ लाख लोकांनी पाहिला. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलसाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. वर्षभरात तो तीनदा मोडला जाणार होता.

चौथा हंगाम सुरू होण्याआधीच, १५ ऑक्टोबर २०२३ ला, आयोवानं एक प्रयोग केला. विद्यापीठाच्या किनिक या फुटबॉलच्या उघड्या मैदानावर लाकडी कोर्ट अंथरून डीपॉल विद्यापीठाशी एक प्रदर्शनीय सामना ठेवला. थंडी, वारा, आणि ५५,६४६ प्रेक्षक. मुलींच्या बास्केटबॉल सामन्याला जगात कुठंच इतकी माणसं जमली नव्हती. क्लार्कनं तिथंही ट्रिपल-डबल केलं.

पुढचा सगळा हिवाळा म्हणजे एक शिडी. मिशिगनविरुद्ध प्लमचा ३,५२७ चा विक्रम मागे पडला, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं: मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वाधिक गुणांचा विक्रम. पण ते पूर्ण खरं नव्हतं. १९८२ च्या आधीही मुली कॉलेजात खेळतच होत्या. त्यांच्या स्पर्धा 'एआयएडब्ल्यू' नावाची वेगळी संघटना घेत असे. एनसीएएनं मुलींच्या स्पर्धा हाती घेतल्यावर ती संघटना बंद पडली, आणि तिच्या काळातले आकडे एनसीएएच्या विक्रमांच्या वहीत आलेच नाहीत. त्या काळात कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वूडर्डनं १९७७ ते १९८१ या चार हंगामांत ३,६४९ गुण केले होते. तेव्हा मुलींच्या खेळात तीन गुणांची रेषाच नव्हती, आणि चेंडू मुलांचाच, आजच्यापेक्षा मोठा. वूडर्ड पुढे १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघाची कर्णधार झाली आणि हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रसिद्ध संघातली पहिली स्त्री ठरली. पण विक्रमाच्या अधिकृत यादीत तिला जागा नव्हती.

२८ फेब्रुवारीला मिनेसोटाविरुद्ध क्लार्कनं वूडर्डचा आकडा ओलांडला. ब्लूडर यांनी हा विक्रम मुद्दाम उचलून धरला. एनसीएए या जुन्या खेळाडूंची दखल घेत नाही याबद्दल त्या जाहीरपणे बोलल्या. क्लार्कभोवती जमलेल्या कॅमेऱ्यांमुळे कॅन्ससची ती खेळाडू चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा बातम्यांत आली.

३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध चौथ्या वर्षाच्या मुलींचा निरोपाचा सामना होता. वूडर्ड स्वतः हजर होती. आणि सामन्याआधी अचानक क्लार्कसमोर येऊन उभी राहिली ती माया मूर, लहानपणी जिला ती धावत जाऊन बिलगली होती ती. त्या दिवशी विक्रम होता पीट मॅराव्हिचचा, ३,६६७ गुणांचा, १९७० साली झालेला, मुलांचा. मॅराव्हिच लुइझियाना स्टेटकडून तीनच हंगाम खेळला, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत. रेषा त्याच्याही काळात नव्हती. म्हणून दोघांची तोलून तुलना करता येत नाही, आणि क्लार्कनंही कधी तसा दावा केला नाही. मध्यंतराच्या तोंडावर समोरच्या संघाला तांत्रिक फाउल लागला आणि तिला फ्री थ्रो मिळाले. अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकण्यासाठी गाजलेल्या मुलीनं तो विक्रम मोडला पंधरा फुटांवरून, सगळ्या स्तब्ध क्रीडागृहासमोर, एकटीनं रेषेवर उभं राहून.

शिडीची एक पायरी वर उरली. साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन या लहान कॉलेजची पर्ल मूर, १९७५ ते १९७९ मधली खेळाडू. तिचे गुण ४,०६१. लहान कॉलेजांच्या विभागातल्या या आकड्याकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय मानदालनात तिला जागा मिळाली ती २०२१ साली. क्लार्कची कॉलेज कारकीर्द १३९ सामन्यांनंतर ३,९५१ गुणांवर थांबली. पर्ल मूरचा आकडा तसाच उभा आहे.

शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक सामना म्हणजे प्रेक्षकांचा नवा उच्चांक. उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा लुइझियाना स्टेट समोर, पुन्हा रीस. या वेळी आयोवा ९४-८७ नं जिंकलं, क्लार्कचे गुण ४१, आणि प्रेक्षक १ कोटी २३ लाख. उपांत्य फेरीत कनेक्टिकटला ७१-६९ असं हरवलं. प्रेक्षक १ कोटी ४२ लाख. ७ एप्रिलला क्लीव्हलँडमधल्या अंतिम सामन्यात समोर होतं साउथ कॅरोलायना, हंगामात एकही सामना न हरलेलं. क्लार्कनं पहिल्या दहा मिनिटांतच १८ गुण केले. पण साउथ कॅरोलायनाकडे बाकावरसुद्धा तितक्याच ताकदीच्या खेळाडू बसल्या होत्या. त्यांनी क्लार्कला थकवलं आणि ८७-७५ असा सामना नेला. जिंकल्यावर त्यांच्या प्रशिक्षिका डॉन स्टेली यांनी खेळ खांद्यावर वाहून नेल्याबद्दल क्लार्कचं नाव घेऊन आभार मानले. हा सामना सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी झालेला मुलांचा अंतिम सामना पाहणारे होते १ कोटी ४८ लाख. मुलींच्या अंतिम सामन्याला मुलांपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

क्लार्कला राष्ट्रीय अजिंक्यपद मात्र कधीच मिळालं नाही. दोन वर्षं सलग अंतिम सामना, दोन्ही वेळा हार.

आठवडाभरानं, १५ एप्रिलला, ब्रुकलिनमध्ये डब्ल्यूएनबीएची खेळाडू निवड झाली आणि इंडियाना फीव्हर संघानं सगळ्यांत पहिलं नाव तिचं घेतलं. मग लोकांना कळला तिचा पगार. पहिल्या वर्षी ७६,५३५ डॉलर. पुरुषांच्या एनबीएमध्ये त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या खेळाडूचा पहिल्या वर्षाचा पगार एक कोटी डॉलरहून अधिक होता. क्लार्कला जाहिरातींचा आधार होता. तिच्या शेजारी खेळणाऱ्या बहुतेकींना तो नव्हता, आणि वर्षानुवर्षं अनेक जणी हंगाम संपला की पोटासाठी तुर्कस्तान, रशिया, चीन अशा देशांत खेळायला जात आल्या होत्या. या दोन आकड्यांनी जे प्रश्न विचारले, ते पुढे खेळाडू संघटनेच्या वेतनाच्या वाटाघाटींत अधिक जोरानं विचारले गेले.

व्यावसायिक खेळात पहिले काही आठवडे तिला जड गेले. बचाव दांडगा, धक्के जास्त. कॉलेजचा अंतिम सामना आणि इथला पहिला सामना यांत जेमतेम पाच आठवड्यांचं अंतर. पॅरिस ऑलिम्पिकच्या अमेरिकन संघातही तिची निवड झाली नाही. मग जुलैमध्ये तिला तिची लय सापडली. डॅलसविरुद्ध तिनं एका सामन्यात १९ असिस्ट केले, लीगमधला विक्रम. हंगामाअखेर तिचे असिस्ट ३३७ झाले, तोही तेव्हाचा विक्रम. वर्षातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू तीच ठरली. इंडियानाच्या घरच्या सामन्यांना सरासरी सतरा हजार माणसं येऊ लागली, आणि समोरचे संघ तिच्या सामन्यासाठी मोठी क्रीडागृहं घेऊ लागले.

दुसरा हंगाम, २०२५ चा, दुखापतींनी खाल्ला. मांडी, मग जांघेचे स्नायू. कॉलेजच्या चार वर्षांत जिनं एकही सामना चुकवला नव्हता, ती जेमतेम १३ सामने खेळू शकली. तिच्याविना फीव्हर संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला, आणि ती बाकावर बसून सोबतिणींना हाका मारत राहिली.

त्याच वर्षी २ फेब्रुवारीला ती आयोवा सिटीला परत आली होती. लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या होत्या. आता मुख्य प्रशिक्षिका होत्या जॅन जेन्सन, सहा जणींच्या खेळातून आलेल्या. समोर होता सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ आणि त्यात जुजू वॉटकिन्स, कॉलेजमधल्या पहिल्याच वर्षी ९२० गुण करून नवोदितांचा विक्रम मोडलेली. देशात चौथ्या क्रमांकावर असलेल्या त्या संघाला आयोवानं ७६-६९ असं हरवलं. सामन्यानंतर क्रीडागृहाच्या छताकडे बावीस नंबरचा फलक चढला. हा नंबर आता आयोवाची कुठलीही मुलगी घालणार नाही. वर त्याच्या आधीपासून दोन नंबर लागलेले आहेत. एक तीस, स्ट्रिंगर यांच्या काळातल्या मिशेल एडवर्ड्सचा, १९९० पासून. दुसरा दहा, मेगन गुस्टाफसनचा, २०२० पासून. क्लार्क मान वर करून बराच वेळ तिकडे बघत होती.